खुर्चीच्या लाकडी खुंट्या घरी कशा तासायच्या? (लेथ नाही, ड्रिल आणि हातोडी आहे)

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. सुतारकामातलं मला शून्य कळतं हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कुणी हसायला नको. आमच्याकडे आजोबांची एक हातांची सागवानी खुर्ची आहे, गावच्या सुतारानं आमच्याच पडवीत बसून केलेली, वेताची बैठक, सबंध खुर्चीत एकही खिळा नाही. दोन वर्षं नुसती करकरत होती, आता मागचा उजवा पाय इतका हलायला लागलाय की बाबांना तिच्यावर बसायला बंदी केलीय. बाबा अर्थात ऐकत नाहीत, भिंतीला टेकवून बसतात.

पायात आडवी पट्टी जिथे घुसते तिथे बाहेरून एक छोटी खुंटी ठोकलेली दिसते, करंगळीच्या नखाएवढं तोंड. अशा आठ आहेत. त्यातल्या त्या हलणाऱ्या पायाच्या दोन सैल होत्या. एक मागून खिळा टेकवून हळूहळू ठोकत अख्खी बाहेर काढली. दुसरी आतच मोडली, मग वैतागून ८ मिमीचा ड्रिल बिट लावला आणि सरळ आरपार उडवून दिली.

जी अख्खी निघाली तिची गंमत ऐका. साधारण ४ सेंमी लांब. गोल नाहीच, बोटात फिरवली की पैलू लागतात, मोजले तर सात निघाले, धड आठ पण नाहीत. एका टोकाला निमुळती. आणि वर मधेच वाकडी, टेबलावर ठेवली तर होडीसारखी डुलते. म्हटलं सुतार घाईत असणार किंवा आजोबांनी पैसे कमी दिले असणार.

तर मी ठरवलं आपण चांगली करू. हार्डवेअरवाल्याकडून पाइनची पट्टी आणली, हॅक्सॉनं उभी चिरली, ड्रिलमध्ये पकडून फिरवत पॉलिश पेपर लावला, मस्त गोल गुळगुळीत खुंटी झाली, अगदी दुकानातल्यासारखी. ठोकायला घेतली, अर्धी आत गेली आणि कट्. तिरकी मोडली, बोरूच्या टोकासारखी. दुसरी केली, ती पण तशीच तिरकी.

प्रश्न असे की बरोब्बर ८ मिमी गोल खुंटी लेथशिवाय कशी करायची, लाकूड कुठलं घ्यायचं, आणि ही मोडते का सारखी. माझ्याकडे ड्रिल मशीन, हॅक्सॉ, कटर, हातोडी, एक बोथट पटाशी आणि पॉलिश पेपर एवढंच आहे. सोसायटीत दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद.

बिनधास्त_बंड्या

भाऊ एवढा उपद्व्याप कशाला, ऑनलाइन ८ मिमीच्या रेडीमेड खुंट्यांचं पाकीट मिळतं, अंगावर रेघा असतात त्यात फेव्हिकॉल बसतो, लावा आणि विषय संपवा. नाहीतर सरळ दोन स्क्रू मारा, वरून पुटिंग. कोण बघतंय मागून.

ठाणेकरीण

भाऊ नाही, ताई. आणि बाबा बघतात मागून.

वाकस_पटाशी

ताई, आधी ती जुनी खुंटी फेकली असेल तर कचऱ्यातून परत काढा. माझे आजोबा सुतार होते, मी बँकेत आहे, त्यामुळे मला येतं त्यापेक्षा जास्त नुसतं बघितलेलं आहे, पण तुम्ही त्या खुंटीच्या ज्या तीन चुका सांगितल्यात ना, पैलू, निमुळती आणि वाकडी, त्या तिन्ही मुद्दाम केलेल्या आहेत. म्हणजे वाकडी त्यानं केली नाही, ती होणार हे त्याला माहीत होतं.

पट्टीचं जे टोक बारीक करून पायात घुसवलंय त्याला कुसू म्हणतात. आपण काय करतो, कुसू घुसवतो आणि पायातून कुसवातून एकदम आरपार भोक पाडतो, खुंटी मारतो. सरळ भोक, सरळ खुंटी. ती कुसू बाहेर येऊ देत नाही एवढंच, पण ओढून धरत नाही. जुना सुतार पायाला भोक वेगळं पाडायचा आणि कुसवाला वेगळं, आणि कुसवाचं भोक जाणूनबुजून साधारण १ मिमी खांद्याच्या बाजूला सरकवायचा (खांदा म्हणजे पट्टी जिथे पायाला बाहेरून टेकते ती जागा). आता दोन्ही भोकं एकमेकांसमोर येत नाहीत, किंचित हुकतात. त्यात निमुळती खुंटी ठोकली की ती वाट काढत वाकत जाते, आणि सरळ व्हायच्या धडपडीत कुसू आत खेचून धरते, ती कायमची. तुमची खुंटी केळ्यासारखी झाली ती इतकी वर्षं हेच काम करत होती. आमचे आजोबा याला नाव वगैरे काही देत नव्हते, "भोक जरा खेचून मार" एवढंच म्हणायचे.

वाईट बातमी अशी की ८ चा बिट सरळ आरपार घातलात तिथे ती हुकलेली भोकं एका रेषेत आली, म्हणजे त्या सांध्याची ओढ गेली. उपाय आहे, शेवटी सांगतो.

आता ती का मोडते ते. पाइनची पट्टी कापून आलेली असते, करवतीला लाकडाचा धागा (आतले उभे तंतू) कुठे चाललाय याच्याशी देणंघेणं नसतं, ती सरळ जाते आणि धागा तिरका राहतो. मग तुमची खुंटी बाहेरून कितीही गोल असू दे, आतून ती तिरक्या धाग्यांची गठडी आहे, ठोकलं की धागा जिथे बाहेर पडतो तिथूनच सुटणार. तिरकी मोडली म्हणालात तिथेच कळलं. खुंटीचं लाकूड फोडायचं असतं, कापायचं नसतं. फोडलं की चीर धाग्यानंच जाते, त्यामुळे जी काडी हातात येते तिच्यात या टोकाचा धागा त्या टोकापर्यंत अख्खा असतो. गोल असणं ही फार पुढची गोष्ट.

कृती सांगतो, मी पाटावर बसून करतो.

गाठ नसलेला, सरळ रेषांचा ७-८ सेंमी लांबीचा तुकडा घ्या. हॅक्सॉ फक्त लांबी कापायला. उभा ठेवा, डोक्यावर जाड पात्याची जुनी सुरी किंवा पटाशी मधोमध टेकवा आणि एक टपली. अर्धा होईल. अर्ध्याचा परत अर्धा. नेहमी मधोमधच फोडायचं, कडेला पातं लावलं तर चीर बारीक बाजूला पळते आणि पाचरीसारखा तुकडा हातात येतो. असं करत साधारण १० मिमीच्या चौकोनी काड्या पाडा. जी काडी फुटताना पिळवटून निघाली ती चुलीत, म्हणजे तुमच्याकडे कचऱ्यात. दहात चार कामाच्या निघाल्या तरी खूप.

मग तासणं. हातात धरून तासू नका, अंगठा जाईल. एका फळीच्या तुकड्याला व्ही आकाराची लांब खाच पाडा, पुढे एक अडणी ठोका, काडी त्या खाचेत कोपरा वर करून झोपवा, पुढचं टोक अडणीला टेकवा आणि पटाशी स्वतःपासून लांब ढकलत कोपरा उडवा. ढलपी सलग कुरळी निघाली तर दिशा बरोबर. पटाशी आत घुसायला लागली, धसकट निघालं, तर काडी उलटी फिरवा. चार कोपरे उडवले की आठ पैलू होतात, थांबा. तुमच्या सुताराचे सात झाले कारण त्याचं माप डोळ्यात होतं. भोक ८ चं असेल तर पैलूच्या कोपऱ्या-कोपऱ्यात माप ८ ला जरासं वर, साडेआठ पर्यंत. ते कोपरे भोकाच्या भिंतीत रुततात, म्हणून ती फिरत नाही, सुटत नाही. गुळगुळीत गोल खुंटीला धरायला फक्त फेव्हिकॉल असतो. शेवटी एक टोक पेन्सिलीसारखं, पण पेन्सिलीपेक्षा लांबट, दीडेक सेंमी निमुळतं करा.

आणि ती बोथट पटाशी आधी धार लावून घ्या हो. पॉलिश पेपर काचेवर चिकटवा, पाण्याचा हात मारा, २२० नंबरचा मग ६०० मग १०००, पटाशीचा उतार सपाट टेकवून घासा, मागची बाजू पण. हातावरचे केस उडाले पाहिजेत. बरेच अपघात बोथट हत्यारानं होतात, कारण आपण जोर लावतो.

शंकेखोर

एक मूलभूत शंका. स्क्रू का नको? स्क्रू लाकडापेक्षा मजबूतच असतो ना. हे सगळं जुनं ते सोनं टाइप नाही ना होतंय?

वाकस_पटाशी

रास्त शंका. लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, पावसाळ्यात लाकूड फुगतं-आकसतं पण लोखंड त्याच्याबरोबर हलत नाही, मग भोक हळूहळू मोठं होतं आणि भोवती लाकूड काळं पडतं. जुन्या दारांवर खिळ्याभोवती काळे डाग बघा. खुर्चीचं दुखणं वेगळंच असतं, माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा ताण त्या मागच्या सांध्यावर येतो, दिवसातून पन्नास वेळा. स्क्रू तिथे आपले आटे लाकडात कुरतडत बसतो. कपाटाला स्क्रू मारा की, मी पण मारतो.

भंगारातून_सोनं

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तासायचा कंटाळा असेल तर लोखंडी पट्टीची आयडिया सांगतो. ५-६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या, कुठल्याही ग्रिलवाल्याकडे तुकडा पडलेला असतो, त्यात ओळीनं १०, ९, ८.५ आणि ८ ची भोकं पाडून घ्या, सरळ उभी हवीत, ड्रिल प्रेसवर. वरचा पृष्ठभाग कानशीनं सपाट करून दगडावर घासा म्हणजे भोकाची कड चाकूसारखी लागेल. त्या कडेला चॅम्फर (कड तिरकी घासून बोथट करणं) अजिबात मारू नका, पोरं सवयीनं मारतात. खालून मात्र भोक किंचित मोठं केलेलं बरं, खुंटी अडकत नाही. पट्टी एका जाड लाकडावर स्क्रूनं बसवा, लाकडाला खाली आरपार मोठी भोकं. मग फोडलेली काडी टोक काढून १० मध्ये ठोका, खालून पडेल, ती ९ मध्ये, असं करत ८ पर्यंत. एक खुंटी अर्ध्या मिनिटात. आमच्याकडे एका ताईंनी पाळण्याच्या खेळण्यांसाठी अशी पट्टी करून नेली होती.

एकच, शेवटच्या भोकात हातोडीनं डोकं पसरतं, तेव्हा शेवटचे १-२ सेंमी दुसऱ्या काडीनं ढकला.

वाकस_पटाशी

पट्टी झकास, फोडलेल्या काडीला ती काही करत नाही, तिरक्या धाग्याची असेल तर पट्टीतच मोडून दाखवते, म्हणजे परीक्षा पण होते. पण ताई तुम्ही खुर्चीसाठी ८.५ ला थांबा आणि वरून पटाशीनं हलके पैलू मारा. ८ ची गोल खुंटी फेव्हिकॉलच्या कामाला. यावर भंगारवाले दादा भांडतील, भांडू देत.

भंगारातून_सोनं

भांडत नाही, पण गोल खुंटीवर पटाशीनं एक उभी रेघ मारली तरी चालतं, कोंडलेली हवा आणि जास्तीचा गोंद बाहेर येतो. नाहीतर बंद भोकात गोंद असताना खुंटी ठोकली की लाकूड चिरतं, हे मी स्वतःच्या टीपॉयवर करून बसलोय.

माणगा_कुडाळ

लाकूड कुठलं याचं उत्तर कुणीच देईना म्हणून लिहितो. बांबू. आमच्याकडे दाराच्या चौकटी बघा, कुसवात बांबूच्या खुंट्या मारलेल्या सापडतील. फोडायला बांबूएवढं गुणी काही नाही, कोयता लावला की सरळ उभा जातो. आमच्याकडचा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो म्हणून खुंटीला एक नंबर, पोकळ बांबू असेल तर जाड भिंतीचा, बुडाकडचा घ्या. बांबूचा जीव सालीकडे असतो, आतल्या बाजूचा भाग भुसभुशीत, तेव्हा तासताना आतून तासत या, सालीकडची बाजू शक्य तितकी राखा. वरची चकचकीत साल तेवढी खरवडून टाका, तिच्यावर गोंद धरत नाही. पेराची गाठ मधे येऊ देऊ नका.

ओला बांबू नको, आणि ताज्या बांबूला भुंगा लागतो, पिवळट पीठ पडायला लागलं की समजा. पोखरतात कशासाठी तर आतल्या पिठासाठी, म्हणून आमच्याकडे तोडलेला बांबू वहाळात (ओढ्यात) काही आठवडे बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे. अमावास्येला तोडलेला टिकतो असं पण म्हणतात, आमच्या घरात त्यावर दर वर्षी वाद होतो. ठाण्यात वहाळ कुठे शोधणार, जुन्या शिडीचा किंवा मांडववाल्याकडचा सुका तुकडा मागा.

बांबू नसेल तर बाभूळ. बैलगाडीला, अवजारांना उगाच नाही वापरत. शिसम मजबूत खरं पण त्याचा धागा एकमेकांत गुंतलेला, फोडायला गेलात तर शिव्या द्याल. सागाला साग चालतो, चांगला चालतो, फक्त त्याच्या अंगात तेल असतं म्हणून गोंद लावायच्या आधी पॉलिश पेपर मारून थिनरनं पुसा.

मिरजेचा_पाहुणा

हे वाचून मजा वाटली कारण आमच्याकडे सगळं उलटं. मी तंबोरा शिकतो, कारागीर नाही, पण मिरजेला सतारमेकर गल्लीत तासन्‌तास बसलोय (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते वाचलं असेल). तिथे तारा ताणायच्या खुंटीला पैलू चालतच नाहीत. ती गोल आणि निमुळतीच हवी, आणि भोक पण त्याच उताराचं, कारण ती फिरायला हवी आणि फिरवून सोडली की तिथेच थांबायला पण हवी. एक बाजू जरी उंच राहिली तरी सूर उतरतो. घसरायला लागली की आम्ही खडूची पूड लावतो. त्यामुळे ताई, खुंटी गोल करायची हौस फारच असेल तर तंबोरा घ्या :)

ठाणेकरीण

बापरे. सगळ्यांना एकेक कप चहा माझ्याकडून.

जुनी खुंटी कचऱ्यातून काढली, धुतली, देव्हाऱ्यात ठेवायची बाकी आहे. रविवारी सकाळी मांडववाल्याकडून बांबूचं एक वाळकं पेर फुकट मिळालं, त्याला वाटलं काही विधी आहे. फोडायला गेले तर पहिल्या तीन काड्या कडेला पळाल्या कारण मी घाईत मधोमध फोडत नव्हते. चौथीपासून जमलं. ते सुरी टेकवून टपली मारली की टक् असा कोरडा आवाज येतो आणि दोन्ही बाजू आतून रेशमासारख्या चमकतात, दहा मिनिटं मी नुसत्या काड्याच फोडत बसले. दहा खुंट्या झाल्या. बोटात एक कूस गेली, तेवढी दक्षिणा.

आता तो आरपार उडवलेला सांधा राहिलाय. वाकस दादा तुम्ही शेवटी सांगतो म्हणालात आणि सांगितलंच नाहीत.

वाकस_पटाशी

विसरलोच. त्या पायाच्या दोन्ही खुंट्या निघाल्यात ना, मग पाय आणि पट्ट्या हळू ओढून सुट्या करा, हातोडी मारायची तर मधे लाकडाचा तुकडा धरून. कुसवावर जुनं मळ-पॉलिश असेल ते खरवडा. आता कुसवाचं जे भोक मोठं झालंय त्यात फेव्हिकॉल लावून एक गोल खुंटी ठोका, इथे गोलच हवी, नुसतं बुजवायचंय. साग असेल तर सागाची. रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी कुसवाच्या पातळीला तासा. पायाचं भोक तसंच राहू द्या.

मग गोंद न लावता सांधा जुळवा, दाबून खांदा टेकेपर्यंत. पायाच्या भोकातून ८ चाच बिट हातानं घालून फक्त टोक टेकवा, फिरवू नका, कुसवावर टिंब उमटेल. परत सुटं करा. त्या टिंबापासून खांद्याकडे १ मिमी सरकून नवीन टिंब द्या आणि तिथे भोक. खांद्याकडे, टोकाकडे नाही. टोकाकडे सरकलात तर खुंटी कुसू बाहेर ढकलेल आणि तुम्ही मला शोधत याल. १ मिमी बास, जास्त लोभ केला तर खुंटी मोडते किंवा कुसवाचं टोक फाटतं.

खुंट्या ठोकायच्या आधी कडक वाळलेल्या हव्यात. दोन दिवस उन्हात, किंवा तव्यावर रेती टाकून मंद आचेवर, करपवू नका. कोरडी खुंटी आत गेल्यावर आजूबाजूचा ओलावा ओढून फुगते आणि बसते. ओली मारली तर नंतर आकसून सैल होते. आणि आत्ता पावसात सगळंच फुगलेलं असतं तेव्हा उगाच घट्ट वाटतं, फसू नका.

क्लॅम्प नसेल तर सुती दोरीचे दोन वेढे पायांभोवती, मधे लाटणं घालून पीळ द्या. फेव्हिकॉल कुसवाला लावा, खुंटीला थोडाच. खुंटी ठोकताना आवाज ऐका, सुरुवातीला ठप ठप येतो, वाकायला लागली की आवाज चढतो, आणि मग एकदम भरीव टण्ण. टण्णनंतर एकही जास्तीचा घाव नाही. बाहेर उरलेलं टोक लगेच कापू नका, दुसऱ्या दिवशी.

ठाणेकरीण

झालं!! लाटण्याला फेव्हिकॉल लागला म्हणून आईचं ऐकून घेतलं, बाकी सगळं सांगितल्याप्रमाणे. एक खुंटी पिचकली, मी दीड मिमी सरकले होते बहुतेक, ती काढून दुसरी मारली. टण्ण खरंच येतो. सांध्याची फट जी होती, ज्यात बाबा पोस्टकार्डाची घडी घालून ठेवायचे, ती डोळ्यासमोर मिटत गेली. २४ तास कुणाला बसू दिलं नाही, आज सकाळी बाबा बसले, मागे रेलले, पाय हलवून बघितला, आणि म्हणाले तोंडं जरा जास्त पांढरी दिसतात, पॉलिश मार.

एकच विचारायचंय, उरलेल्या सहा जुन्या खुंट्या पण काढून बदलून टाकू का? माझ्याकडे सात बांबूच्या तयार आहेत आणि हात पण बसलाय.

वाकस_पटाशी

हलतायत का?

ठाणेकरीण

नाही.

वाकस_पटाशी

मग ठेवा ती हातोडी खाली. खुंटा हलवून बळकट करायची म्हण आहे, पण इथे हलवलात तर नुसताच हलेल. त्या सात डबीत घालून कोरड्या जागी ठेवा, दुसरा पाय काढेल कधीतरी डोकं वर. आणि पांढऱ्या तोंडांना पॉलिश नको, थोडं जवसाचं तेल चोळा, होतील हळूहळू जरा गडद.